गुळाची परतीची गाडी

अंबूबाईची नात वर्षाराणी लग्न होऊन गारगोटीला गेली, त्या वर्षातली ही गोष्ट. एकोणीस सालच्या महापुराला तेव्हा पाच वर्षं झाली होती. लग्न चैत्रात झालं. वरात निघताना हलगी वाजायला लागली आणि अंबूबाईचे मालक गणपतराव, वय अठ्ठ्याहत्तर, नातीच्या लग्नात दोन पावलं नाचल्याशिवाय कसं राहायचं म्हणून पुढे सरसावले. मांडवाच्या पायरीवरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. नवरी फुलांच्या गाडीतून सासरी गेली आणि आजोबा ॲम्ब्युलन्समधून दवाखान्यात.

डॉक्टरांनी आत सळई घातली. हाड जुळलं, पण पाय काही गुडघ्यात वाकेना. ताठच्या ताठ. रिक्षात बसता येईना, खुर्चीत बसता येईना. कुणी बगलेत धरलं तर दहा-बारा पावलं टाकायचे, मग धाप लागायची. तेव्हापासून त्यांचा सगळा संसार एका लोखंडी खाटेवर आला. खाटेवरूनच ते गल्लीतल्या पोरांना शिव्या द्यायचे आणि खाटेवरूनच भाजीवाल्याशी घासाघीस करायचे.

गल्ली दुधाळीकडची, नदीच्या अंगाची. भाड्याच्या दोन खोल्या. महापुरात पाणी छपराला लागलं होतं. माणसं बोटीतून निघाली आणि सामान मागे कुजलं. मुलगा अमरसिंह कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लेथवर कामाला. त्याने पाच वर्षं पोटाला चिमटा काढला आणि कागलच्या अलीकडे दोन खोल्यांचं, वर स्लॅब असलेलं घर घेतलं. आपलं घर. गणपतरावांच्या सात पिढ्यांत शहरगावात आपलं घर कुणाचं झालं नव्हतं.

तुळशीचं लग्न झालं आणि जायचा दिवस ठरला. राहिली गाडी.

अमरसिंहाने फोनवर बघून एका मोठ्या कंपनीचा माणूस बोलावला. तो टी-शर्ट घालून आला, पायातले बूट न काढता दारातूनच मोजायला लागला.

"एक कपाट. एक फ्रीज. दोन ट्रंका. एक खाट..."

"खाटंवर माणूस हाय," गणपतराव म्हणाले. "त्यो बी लिहा."

"काका, माणूस आमी घेत न्हाय. गाडी बंद असती. आत काळोख. गुदमरायला हुतंय."

"म्हंजे माझ्यापरीस कपाटाची किंमत जास्त."

"कपाटाचा विमा असतोय, काका," तो सरळ मनाने म्हणाला. गणपतरावांना हसू आलं, पण भाडं ऐकल्यावर अमरसिंहाला नाही आलं.

मग पलीकडच्या गल्लीतल्या छोटा हत्ती टेम्पोवाल्याला विचारलं. त्याचं भाडं बरं होतं, पण खाट आडवी घातली तर कपाट राहायचं, आणि कपाट घातलं तर गणपतरावांचे पाय रस्त्यावर लोंबायचे.

"आबा, उगंच ताणू नगासा," अमरसिंह म्हणाला. "सामान छोटा हत्तीतनं जाऊ दे. तुमाला ॲम्ब्युलन्स सांगतो. तासाभराचं काम. झोपून जायचं."

गणपतराव भिंतीकडे तोंड करून पडले.  मग म्हणाले, "अमर, नवीन घर हाय. घरातला थोरला माणूस पयल्यांदा दारात उतरणार. त्यो पेशंट म्हणून उतरायचा व्हय? शेजारची म्हणतील, शेजारी आला का दवाखाना आला? मी ॲम्ब्युलन्समधनं उतरणार न्हाय. मला हितंच ठेवा आन जावा तुमी."

"हितं कुठं ठेवू? घरमालकाला किल्ली द्यायची हाय!"

"मग किल्लीबरोबर मला बी द्या."

अंबूबाई चुलीपुढे भाकरी थापत होती.  तिच्या मनात नवऱ्यापेक्षाही जास्त होतं. नव्या घराच्या दारात पहिलं वाहन उभं राहायचं ते ॲम्ब्युलन्स, हे तिला सोसवत नव्हतं. तोंडाने बोलली असती तर सून म्हणाली असती, आत्याबाई, हल्ली असलं कोण मानतंय? म्हणून ती गप्प भाकरी थापत राहिली आणि तिला माहेर आठवलं.

तिच्या भावाचं गुऱ्हाळ होतं. गूळ घेऊन गाडी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात यायची आणि परत जाताना रिकामी. रिकामी गाडी नेणं ड्रायव्हरच्या जिवावर येतं. डिझेल तर तेवढंच जळतं. अशा वेळी कुणी सामान दिलं तर तो निम्म्या भाड्यात आनंदाने नेतो. परतीची गाडी शोधावी, हे तिचा भाऊ नेहमी सांगायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, डोईवर पदर आणि हातात पिशवी घेऊन, अंबूबाई एकटीच यार्डात गेली.

तिथे गुळाचा वास असा की श्वास घेतला तरी तोंड गोड व्हावं. ढेपा उतरत होत्या, हमाल ओरडत होते, माश्या घोंगावत होत्या. पहिला ड्रायव्हर म्हणाला, "आजी, सामान टाक कितीबी. पण मागं माणूस घातला आन पोलिसानं बघितलं तर पावती कोण फाडणार?" दुसऱ्याने ऐकूनच हात जोडले. तिसरा पिकअपच्या फाळक्यावर बसून भाकरी आणि खर्डा खात होता. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. नाव हंबीरराव.

"कुठं जायचं, पावणं?"

"कागलच्या अलीकडं."

"आमी पलीकडचंच. जाताना रिकामाच असतोय. काय हाय सामान?"

"कपाट हाय, फ्रीज हाय, भांडीकुंडी हाईत. आन मालक हाईत."

"मालक बसतील की पुढं."

"बसता येत न्हाय, बाबा. पाय वाकत न्हाय. खाटंवर झोपवूनच न्यायचं."

हंबीररावाचा घास थांबला. "मग ॲम्ब्युलन्स का सांगत न्हाईस?"

जे घरात बोलली नव्हती ते अंबूबाई या परक्या माणसाला बोलली. "एकदा त्यातनं गेल्यात, एकदा त्यातनं आल्यात. नव्या दारात पयली गाडी ती नगं वाटतीया मला."

हंबीररावाने हात झटकला, पाण्याने चूळ भरली. "माझ्या गाडीतनं गूळ गेलाय, म्हस गेलीया, वऱ्हाड गेलंय. म्हातारा का जाणार न्हाय? पण दोन गोष्टी हाईत. सौदा हून गूळ उतरल्याबिगर गाडी मोकळी हुत न्हाय. दुपार हुती. भर उन्हात निघायला लागंल."

"चालंल."

"आन पोलिस आडवा आला तर त्याच्याशी तू बोलायचं. मला बघून त्यो पावती फाडतोय. म्हातारी बघून सोडंल."

"बोलते की," अंबूबाई म्हणाली. तिने जायचा दिवस सांगितला, त्याचा नंबर घेतला आणि पिशवीतून दोन केळी काढून त्याच्या हातावर ठेवली. तोच बयाणा.

जायच्या दिवशी सून संयोगिता देवाची पेटी आणि दूध घेऊन सकाळीच स्कूटीवरून पुढे गेली, घर उघडायला. दुपारी पिकअप गल्लीत शिरली. गाडीचा तळ गुळाने चिकचिकत होता आणि कडेकडेने मुंग्यांची रांग लागली होती.

"ह्यावर माझी खाट?" गणपतराव ओरडले.

"थांबा की, आबा," म्हणत हंबीररावाने कोपऱ्यातलं पाचट ओढलं आणि उसाचा तो वाळका पाला तळावर जाडसर पसरला. आता पाय चिकटेना. पुढे कपाट, फ्रीज, ट्रंका लागल्या आणि मागच्या बाजूला गाडीच्या लांबीत खाट. वळणावर म्हातारा घरंगळू नये म्हणून अमरसिंहाने धुणं वाळत घालायचे दोन बांबू खाटेच्या दोन्ही अंगांना सुंभाने करकचून बांधले. गचके सोसावेत म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी गणपतरावांनी घेतली होती. त्या गोळीने झोप लागायची.

घरात एक माठ होता. गणपतराव त्याचंच पाणी प्यायचे. फ्रीजचं पाणी त्यांना औषधासारखं नको वाटायचं. माठ खाली ठेवला तर फुटेल, म्हणून अंबूबाईने तो मुलाच्या हातात दिला. "मांडीवर धर. सोडू नगंस." अमरसिंह खांद्यावर टॉवेल टाकून वडिलांच्या पायाशी माठ धरून बसला.

शेजारची बाळाबाई तुळशीच्या मांडवाचा उरलेला झेंडू घेऊन आली. नव्या घराला जातात, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? तिने फुलं खाटेवर ठेवली, अंबूबाईच्या गळ्यात पडली आणि मोठ्याने रडायला लागली. "अंबू, आता मी कुणाच्या दारात बसू गं!" ती रडली म्हणून चार बायका रडल्या.

गाडी निघाली. ऊन डोक्यावर. गणपतरावांचे डोळे मिटले होते आणि चेहऱ्यावर ऊन सणसणत होतं. चादरी सगळ्या गाठोड्यात गेलेल्या. दोरीवर राहिलेलं एक पांढरं धोतर अंबूबाईने काखेत आणलं होतं. तेच तिने नवऱ्याच्या अंगावर आणि तोंडावर हलकेच ओढलं, खाटेवरचा झेंडू त्यावर ठेवला आणि उशाशी बसून राहिली. तिचेही डोळे भरलेले होते. तीस वर्षांची गल्ली सुटत होती.

वळणावर एका म्हाताऱ्याने टोपी काढली आणि हात जोडले. अंबूबाईला वाटलं, ओळखीचा असेल. पुढे किराणावाल्याने गिऱ्हाईक थांबवून शटर निम्मं खाली ओढलं. एक मोटरसायकलवाला बाजूला होऊन मान खाली घालून थांबला. अंबूबाई मनाशी म्हणाली, आपला माणूस सहा महिने खाटेवर, तरी पेठेत केवढा मान ठेवलाय लोकांनी!

मग रस्त्याकडेला उभ्या दोन बायकांचं बोलणं तिच्या कानावर आलं.

"अगं, मशानभूमी तर मागं ऱ्हायली. हे कुठं चालल्यात?"

"गावाकडं नेत असतील."

अंबूबाईने मान वळवली आणि तिला पहिल्यांदा दिसलं. खाली वाळका पाला. दोन्ही अंगांना बांबू. सुंभाच्या गाठी. डोक्यापासून पायापर्यंत पांढरं धोतर, त्यावर झेंडू. उशाशी डोळे पुसणारी म्हातारी. आणि पायाशी उघड्या डोक्याने बसलेला मुलगा, मांडीवर मडकं घेऊन.

 जे टाळायला ती यार्डात गेली, त्याच्या शंभर पट तिनेच आपल्या हाताने मांडून ठेवलं होतं.

"अमर, त्ये मडकं खाली ठेव."

"फुटंल की."

"फुटू दे!"

"आये, तूच म्हणालीस सोडू नगंस म्हणून!"

तोंडावरचं धोतर ओढायला ती वाकली, तोच शिट्टी वाजली. दसरा चौक आला होता. चौकात पोलिस. पुढे हंबीररावाने ब्रेक दाबला आणि खिडकीतून मागे ओरडला, "आजी! तुझं गिऱ्हाईक आलं!"

पण पोलिसाने गाडी अडवली नाही. त्याने हात आडवा करून दुसऱ्या बाजूच्या सगळ्या गाड्या थांबवल्या आणि पिकअपला मान लववून पुढे जायची खूण केली. हंबीररावाला काही कळेना. त्याच्या आख्ख्या हयातीत पोलिसाने असं कधी केलं नव्हतं. तो गोंधळून गाडी पुढे काढीना, मागेही घेईना.

तेवढ्यात उशाशी बसलेल्या अंबूबाईला ओळखून, फुलवाल्याच्या गाडीकडून एक ढेरपोट्या म्हातारा हार घेऊन पळत आला. हा आकाराम. गणपतरावांचा तालमीतला जोडीदार. एका मातीत लोळलेले, एका ताटात जेवलेले. पण सहा वर्षांपूर्वी आषाढातल्या जत्रेत मटणाच्या वाट्यातलं नळीचं हाड कुणाला, यावरून दोघांची लागली आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. मांडीचं हाड मोडलं तेव्हाही आकाराम बघायला आला नव्हता. गणपतरावांना ते लागलं होतं. ते रोज विचारायचे, कोण आलतं का? आणि कुणाचं नाव घ्यायचे नाहीत.

आकाराम चाकावर पाय देऊन वर चढला. ओला हार त्याने धोतरावर टाकला आणि लहान पोरासारखा हमसून रडायला लागला.

"गणपा, मटणाच्या वाट्यावरनं कोण बोलणं सोडतंय व्हय रं! नळी तुलाच द्यायला पायजे हुती. माझं चुकलं. आन असा न सांगता निघालास! आधी माझा नंबर हुता की रं!"

धोतराच्या आतून आवाज आला, "मग जा की पुढं. मी कुठं आडवलंय?"

आकाराम चाकावरून जो खाली पडला, तो थेट मागोमाग आलेल्या फुलवाल्याच्या टोपलीत.

गणपतरावांनी तोंडावरचं धोतर बाजूला केलं आणि कोपरावर उठून बसले. झोपेत डोळे तांबडे झालेले, गळ्यापाशी हार. "आन त्ये नळीचं काय म्हणालास, आक्या? परत एकदा म्हण. सगळ्यास्नी ऐकू जाऊ दे."

चौकातली माणसं आधी मागे सरली आणि मग अशी हसायला लागली की अडवलेल्या गाड्यांनी हॉर्न वाजवायचे सोडून दिले. पोलिस धावत आला.

"अवं, हे जित्तं हाईत व्हय?"

"हाय की," गणपतराव म्हणाले. "का? काय अडचण हाय?"

पोलिसाचा चेहरा बदलला. "मालाच्या गाडीत माणूस घालून नेतासा? कुणाची गाडी ही?"

हंबीररावाने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. अंबूबाईला यार्डातला करार आठवला. तिने पदर सावरला आणि रडक्याच आवाजात म्हणाली, "साहेब, मेलेला असता तर वाट करून देत हुतासा. जित्ता चालत न्हाय व्हय? सहा म्हयनं झालं खाटंवर हाईत. सोताच्या घरला चाललोय आमी, पयल्यांदा."

पोलिसाने खाटेकडे, हाराकडे, अमरसिंहाच्या मांडीवरच्या माठाकडे बघितलं. हसू आवरायला त्याने मिशीवरून हात फिरवला.

"जावा. पर हळू. आन त्येंचं त्वांड झाकू नगासा, बाई. लोकास्नी कामं असत्यात."

गाडी सुटली. आकाराम टोपलीतून उठून कपडे झटकत पळत मागे आला आणि फाळका धरून वर चढला. "कुठं चाललायस रं?" गणपतरावांनी विचारलं. "तुझ्याबरोबर," तो म्हणाला आणि अमरसिंहाच्या हातातला माठ आपल्या हातात घेऊन बसला.

 कावळा नाका गेला तरी अंबूबाईचं रडं थांबेना. "अवं, कसला अपशकुन झाला ह्यो. मीच केला. ॲम्ब्युलन्स बरी हुती."

"गप गं," गणपतराव म्हणाले. "आक्या आला बघ. त्यो येणार न्हाय असं वाटत हुतं मला."

बस्स, एवढंच म्हणाले. मग त्यांनी पाठीशी गाठोडं लावून घेतलं आणि उचगाव, गोकुळ शिरगाव करत, दोन्ही बाजूंची दुकानं, कारखाने, पुढचा-मागचा ट्रक, सगळं बघत गेले. सहा महिने त्यांनी एका भिंतीवरचं कॅलेंडर सोडून काही बघितलं नव्हतं. गळ्यातला हार त्यांनी काढला नाही. कुणी बघितलं की ते हात वर करायचे, निवडून आल्यासारखे.

नव्या घरापुढे गाडी थांबली तेव्हा शेजारच्या चार घरांतली माणसं दारात आली. संयोगिता भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. अमरसिंह आणि हंबीरराव खाट उचलायला वाकले.

"हात लावायचा न्हाय," गणपतराव म्हणाले. "खाली घ्या मला फकस्त."

दोघांनी त्यांना अलगद खाली उतरवलं. एका बाजूला मुलगा, एका बाजूला आकाराम. ताठ पाय घासत, दम खात, ते दारापर्यंत गेले. सुनेने भाकरतुकडा ओवाळून टाकला. उंबऱ्यावरून पाय उचलेना. आकाराम खाली वाकला, दोन्ही हातांनी त्यांचा तो ओंडक्यासारखा पाय धरला आणि उंबऱ्यापलीकडे ठेवला.

शेजारच्या एका बाईने विचारलं, "कोण, पावणं आलं का?"

गणपतराव दारातून मागे वळले. "पावणं न्हाय, बाई. घरचंच हाय मी."

आत दूध उतू गेलं. सगळ्यांनी चहा घेतला. हंबीररावाने ठरल्यापेक्षा कमी भाडं घेतलं आणि वर म्हणाला, "आबा, तुमच्यामुळं आयुष्यात एकदा पोलिसानं मला मान दिला." गणपतराव म्हणाले, "पुढच्या खेपंला बी तुझीच गाडी सांगणार." अंबूबाईने त्यांच्याकडे डोळे वटारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेच्या पायापासून भिंतीपर्यंत मुंग्यांची रांग लागलेली. गुळाच्या गाडीतून त्याही आल्या होत्या. संयोगिता मुंग्या मारायचा खडू घेऊन आली. गणपतरावांनी तिला थांबवलं. "ऱ्हाऊ दे, पोरी. त्यास्नी बी परतीची गाडी घावली." अंबूबाईने चिमूटभर पीठ भिंतीच्या कडेला टाकलं.

त्यानंतर दर रविवारी आकाराम एसटीने यायचा. पिशवीत मटण. नळी गणपतरावांच्या ताटात, न विसरता. दोघं दारात खाट टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायचे. महिन्याभरात त्या गल्लीत गणपतरावांना ओळखत नाही असं कुणी राहिलं नाही. दुधाळीत तीस वर्षं भाडेकरू म्हणून काढली, इथे पोस्टमन 'गणपतरावांचं घर कुठलं' म्हणून विचारायला लागला. अंबूबाई एकदा सुनेला म्हणाली, "त्या दिवशी वाटलं हुतं, वाईट झालं. आता काय म्हणावं ते कळत न्हाय."

हंबीररावाचा नंबर अमरसिंहाच्या फोनमध्ये तसाच होता. फोन गेल्यावर हंबीरराव सकाळीच आला, गूळ न भरता, गाडी धुऊन, आणि ताजं पाचट पसरून. भाडं घेतलं नाही. आकाराम आला, हार घेऊन. या वेळी अमरसिंहाच्या हातातलं मडकं खरं होतं. रस्त्यात लोकांनी टोप्या काढल्या, आणि अंबूबाईने तोंड झाकू दिलं नाही.

गणपतराव महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सत्तावीस फेब्रुवारी दोन हजार पंचवीस रोजी पहाटे, आपल्या घरात वारले.